ऑफिसमधल्या क्रोमची एक्स्टेंशन सरसकट बंद करावीत का?

तुमच्या ऑफिसात दहा-पंधरा कॉम्प्युटर आहेत, प्रत्येकाने क्रोममध्ये मनाला येईल ती एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी जादा प्रोग्रॅम, टाकली आहेत. मालक म्हणतात सगळी उडवा, स्टाफ म्हणतो कामं अडतील, आणि मध्ये तुम्ही सापडलाय. मी सांगलीत अशाच छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर बघतो. माझं मत मालकांच्या बाजूने आहे, फक्त क्रम असा हवा: आधी सगळं बंद, मग लागेल तेवढंच उघडायचं.

"कुठलं एक्स्टेंशन चांगलं?" असं विचारून फारसं हाती लागत नाही, कारण चांगलं एक्स्टेंशन पुढे कुणाच्या हातात जाईल याचा नेम नसतो. 'द ग्रेट सस्पेंडर' हे एक्स्टेंशन न वापरातले टॅब झोपवायला लाखो लोक वापरायचे. 2020 मध्ये ते विकलं गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) म्हणून बंद केलं. डिसेंबर 2024 मध्ये तर सायबरहेवन या डेटा-सुरक्षेच्याच कंपनीतला कर्मचारी फसव्या मेलला बळी पडला, आणि ऐन नाताळात तिच्या एक्स्टेंशनची बिघडवलेली आवृत्ती ग्राहकांच्या ब्राउझरमध्ये अपडेट म्हणून जाऊन बसली. ग्राहकांपैकी कुणी काही क्लिक केलं नव्हतं. नव्या आवृत्तीने जादा परवानगी मागितली तर क्रोम एक्स्टेंशन थांबवून विचारतो खरं, पण सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी आधीच देऊन ठेवली असेल तर नवीन मागायला उरतंच काय?

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर अकाउंटंट ताईंचं मशीन बघत होतो. पीडीएफ जोडणारं, स्क्रीनशॉट काढणारं, कूपन शोधणारं, अशी रांग होती. एकेकाचे तपशील उघडले तर बहुतेकांना सगळ्या साइट मोकळ्या. त्याच ब्राउझरात जीएसटी पोर्टल, ई-वे बिल आणि पेढीचं नेटबँकिंग. ताई म्हणाल्या, "ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतोय की, मग काय होतंय?" ओटीपी दारापुरता असतो. एकदा लॉगिन झालं की साइट तुम्हाला कुकीवरून, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखचिठ्ठीवरून ओळखते, आणि परवानगी असलेलं एक्स्टेंशन ती कुकी उचलू शकतं, पडद्यावरचा खातेनंबरही बदलून दाखवू शकतं. कूपनचं तर त्यांनी स्वतःच लगेच काढलं.

आता करायचं काय ते सांगतो. ग्रुप पॉलिसीत (विंडोजमध्ये नियम लावायची जागा) किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग साठवायची जागा) क्रोमची 'एक्स्टेंशन इन्स्टॉल ब्लॉकलिस्ट' ही पॉलिसी आहे, तिच्यात फक्त एक तारा (*) टाका. सगळी एक्स्टेंशन, आधी टाकलेलीसुद्धा, बंद पडतात. मग 'अलाउलिस्ट'मध्ये मंजूर केलेल्यांचे आयडी घाला. आयडी म्हणजे वेब स्टोअरच्या पत्त्याच्या शेवटची 32 अक्षरं. नाव बघून मंजुरी देऊ नका, एकाच नावाची चार सापडतात. लागू झालं का ते क्रोमच्या पॉलिसी पानावर (chrome://policy) दिसतं. मशीन जास्त असतील तर गूगलचं क्रोम एंटरप्राइझ कोअर फुकट आहे, एका जागी बसून सगळं होतं. विंडोजच्या एज ब्राउझरमध्येही याच नावाच्या पॉलिसी आहेत. तिथेही लावा, नाहीतर लोक गुपचूप एज वापरायला लागतात.

मंजूर केलेल्यांनाही सगळ्या साइट देऊ नका. तपशिलात 'साइट ॲक्सेस' असतो, तो 'क्लिक केल्यावर' किंवा ठरावीक साइटवर ठेवा. त्याहून पक्कं हवं असेल तर 'एक्स्टेंशन सेटिंग्ज' पॉलिसीत बँक आणि जीएसटीचे पत्ते अडवलेल्या होस्टमध्ये (साइटच्या यादीत) घाला, म्हणजे मंजूर एक्स्टेंशनही त्या पानांना हात लावू शकत नाही. माझ्या मते छोट्या ऑफिससाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि नेमकी हीच कुणी करत नाही.

घरच्या जीमेलने क्रोम सिंक केलेला असतो, म्हणजे घरचं आणि ऑफिसचं क्रोम एकसारखं होत राहतं; ते सिंक ऑफिसात बंद करा. घरी पोराने टाकलेली गेमची एक्स्टेंशन त्याच वाटेने येतात.

स्टाफ कुरकुरणारच. पहिल्या आठवड्यात मागण्या व्हॉट्सॲपवर घ्या: काय हवं, कशासाठी. पीडीएफ आणि स्क्रीनशॉटचं काम तर एक्स्टेंशनशिवायही होतं, विंडोजमध्ये स्निपिंग टूल आहेच. मराठी टायपिंगसाठीही विंडोजचा कीबोर्ड पुरतो. आणि मालकांचं मशीन यातून वगळू नका, ते मागे लागले तरी. पैसे पाठवायची शेवटची मंजुरी त्याच मशीनवरून जाते.