खाऱ्या हवेत हेडलाइट मंद पडलाय, 100/90 चे बल्ब टाकू का?

तुमचा प्रश्न असा: रत्नागिरीत अगदी समुद्राला लागून घर, गाडी जुनी, एच-फोर हॅलोजन बल्ब (एकाच बल्बमध्ये अप्पर म्हणजे लांबचा झोत आणि डिपर म्हणजे खालचा झोत). डावा दिवा पिवळट झालाय, बल्ब बदलला तरी तसाच. मग 100/90 वॅटचे (अप्पर 100, डिपर 90) टाकू का, आणि डॅशबोर्डवर 0-1-2-3 लिहिलेलं छोटं चाक कशाला असतं?

टाकू नका. आधी अर्थिंग बघा, म्हणजे दिव्याची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला नीट जोडलेली आहे का ते.

नवा बल्बसुद्धा पिवळट पेटतो, म्हणजे त्याच्यापर्यंत व्होल्टेज पुरतं पोचत नाहीये. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीसेक टक्के पडतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 च्या आसपास व्होल्ट मिळतात. सॉकेट बल्बला लावलेलंच ठेवा, दिवा लावा आणि मल्टिमीटरने मागून मोजा. साडेबारा आले तर दीड व्होल्ट वाटेत खर्च होतोय. आता एक टोक बल्बच्या अर्थच्या पिनला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. इथे शून्याच्या जवळपास यायला हवं. अर्धा-एक व्होल्ट आला की चोर सापडला. डिपरवर असताना स्पीडोमीटरजवळचा अप्परचा निळा दिवा मिणमिणत असेल, तर बऱ्याच गाड्यांत तीही अर्थिंगचीच खूण.

दोन्ही दिवे मंद असते तर मी रिले, स्विच किंवा अल्टरनेटरकडे बघितलं असतं. तुमचा एकच आहे, त्यामुळे त्या बाजूचं सॉकेट आणि बॉडीला अर्थची वायर जिथे स्क्रूने आवळलेली असते ती जागा. आपल्याकडच्या हवेत तिथे गंज आणि तांब्यावर हिरवा थर ठरलेला. बॅटरीची निगेटिव्ह काढा, जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली फासा. सॉकेट करपलं असेल तर नवंच घ्या, घासत बसू नका. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका.

100/90 चं गणित बघा. 12 व्होल्टला नेहमीचे 55 वॅटचे दोन डिपर मिळून नऊ-एक अँपिअर ओढतात, 90 चे दोन पंधरा. करंट वाढला की त्याच खराब जोडात व्होल्टेज आणखी पडतं. शिवाय होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळा पडतो.

बाजारातले एलईडी घालण्याआधीही थांबा. एच-फोरमध्ये दोन फिलामेंट असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली छोटी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यात उजेड जात नाही. एलईडीची चिप त्या नेमक्या जागी आली नाही तर उजेड सैरावैरा पसरतो आणि कशेडी घाटात समोरून येणारा तुमच्या नावाने शिव्या देतो.

आता ते चाक. ते उजेड कमी-जास्त करत नाही, झोत खाली नेतं. पुढच्या सीटवरचीच माणसं असतील तर 0. गणपतीला मागे तिघं आणि डिकी सामानाने भरलेली, अशा वेळी गाडीचं नाक वर उचललं जातं. तेव्हा 2 किंवा 3. अनेकांना 3 म्हणजे जास्त उजेड वाटतो, आणि ते रिकाम्या गाडीत चाक तिथेच ठेवून रस्ता दिसत नाही म्हणून तक्रार करतात. तुमचं कुठे आहे ते मल्टिमीटर काढायच्या आधी बघून घ्या.