थांबता येईल का, एवढं सांग

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू बेदाण्याच्या शेडवर आलीस, रॅकखाली बसलीस आणि तो हेम्पच्या, म्हणजे धाग्या-बियांसाठी लावतात त्या बिननशेच्या गांजाच्या, कराराचा कागद चारदा घडी घालून चारदा उलगडलास. मी तेव्हा काही बोललो नाही. माणसं कामावर होती, द्राक्षं बुडवून काढायचा डिपिंगचा टब भरलेला होता, आणि मला राग आला होता. तुझा नाही, त्या कागदाचा. तसलाच एक कागद माझ्या कपाटात अजून आहे.

तू हुशार आहेस, वडील अंथरुणाला खिळल्यापासून अडीच एकर एकटी ओढतेस, हे सांगायला हे पत्र नाही. ते आख्ख्या गावाला दिसतं. तू मला विचारलंस, "आण्णा, द्राक्षबाग काढू का? हेम्प उद्या मोकळं होणारच आहे, आधी शिरेल तो कमावेल." याचं उत्तर मी तोंडी दिलं असतं तर चिडून दिलं असतं. म्हणून लिहितोय.

कायद्याबद्दल तुझी माहिती बरोबर आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यानं गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि आपल्या भागात उसाच्या फडात नाहीतर मक्यात झाडं सापडल्याची बातमी अधूनमधून येतेच. पण त्याच कायद्यात राज्य सरकारला परवानगी द्यायची वाट ठेवलेली आहे. उत्तराखंडनं २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पचे परवाने द्यायला सुरुवात केली. टीएचसी, म्हणजे नशेचा अंश, ०.३ टक्क्याच्या आत हवा ही त्यातली अट. हिमाचलच्या मंत्रिमंडळानं जानेवारी २०२५ मध्ये प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. उद्या महाराष्ट्रानं दार उघडलं तर मला नवल वाटणार नाही. माझं भांडण दार उघडण्याशी नाही. दार उघडल्यावर पहिलं पाऊल कुणाचं पडतं आणि कोण चेंगरतं, ते मी पाहिलंय.

तुला एकच विचारतो, आणि पत्र संपेपर्यंत तेच विचारत राहणार आहे. माल तयार झाला आणि घेणारा म्हणाला "आज नको", तर तुला थांबता येईल का?

हळद बघ. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं तू चालू असताना पाहिली नसशील, २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. माझ्या आजोबांची हळद तिथं असायची. जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस असं पेव, तोंड मातीनं लिंपून बंद केलेलं. उघडल्यावर लगेच माणूस उतरवत नसत. आधी दोरीला कंदील बांधून सोडायचे. विझला तर आत हवा नाही, उद्या बघू. मी काठावर पालथा पडून तो उजेड खाली खाली जाताना बघायचो. हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची, कीड नाही, बुरशी नाही. व्यापारी दारात येऊन बसायचा आणि आजोबा त्याला चहा पाजून परत लावून द्यायचे. त्यांच्याकडं काय फार पैसा होता असं नाही. त्यांच्याकडं पेव होतं. त्यांना थांबता येत होतं.

आता माझा कागद. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, पलूसला वाइन पार्क झाला, आणि आपल्या पट्ट्यात वाइनच्या द्राक्षाची हवा सुटली. मी २००६ मध्ये दोन एकर थॉमसन, म्हणजे खायच्या-बेदाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षाची बाग, मुळापासून काढली आणि एका कंपनीशी करार करून काळ्या वाइन जातीच्या वेली लावल्या. धाकटा भाऊ म्हणत होता, निम्मी तरी थॉमसन ठेवूया दादा. मी ऐकलं नाही. कागदावर दर होता, शिक्का होता, कंपनीचा माणूस दर पंधरवड्याला येऊन पानं तपासून जायचा. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा पेरायच्या आधी भाव ठाऊक आहे.

२००८ ची मंदी आली, वर्षाअखेरीस मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप बसला. फेब्रुवारीत माझ्या मण्यांची साखर बाविसावर आली. मी फोन केला. "आठ दिवस थांबा, टाक्या भरल्यात." आठ दिवसांनी, "अजून आठ." साखर सव्वीसच्या पुढं गेली, मणी सुकायला लागले, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांनी बाग भरली. थॉमसन असती तर बाजार पडल्यावर रॅकवर टाकली असती. चार किलोचा एक किलो बेदाणा झाला असता आणि शीतगृहात बसून राहिला असता. पण ते बियांचं, जाड सालीचं, बारीक द्राक्ष. त्याचा बेदाणा कोण खाणार? बाजारात कोण नेणार? ते फक्त एकाच दारात विकलं जाणार होतं आणि ते दार बंद होतं. कागदावर दर होता गं. घ्यायची तारीख नव्हती.

त्या मार्चमध्ये मी वेली तोडल्या. भाऊ त्याच वर्षी वेगळा झाला. बांध घातला तेव्हा तो काही बोलला नाही, आणि अजूनही त्या विषयावर बोलत नाही. मला ते बोलणं ऐकायचं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

तुला वाटेल, आण्णांचं एकदा तोंड भाजलं, म्हणून ताकही फुंकून पितात. तर मग लांबचं ऐक. तू मोबाइलवर अमेरिकेतल्या गांजा-हेम्पच्या उलाढालीचे आकडे दाखवलेस. ते खोटे नसतील. पण उलाढाल कुणाची?

माझा पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. २०२२ च्या उन्हाळ्यात मी गेलो होतो तेव्हा उंच रेडवुडची झाडं दाखवायला म्हणून त्यानं उत्तरेला हम्बोल्ट काउंटीत नेलं. त्याच्या ओळखीनं एका गांजा पिकवणाऱ्याच्या घरी गेलो. साठीचा माणूस, बायको बरोबर राबणारी. परवाना दहा हजार चौरस फुटांचा, म्हणजे आपले नऊ-सव्वानऊ गुंठे. डोंगर उतारावरची जमीन, पाण्याच्या मोठ्या टाक्या, कारण उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी उचलायला बंदी. त्यानं शेडमध्ये नेऊन एका काळ्या पिंपाचं झाकण काढलं. आत पाउंड-पाउंडाच्या पिशव्या. एक पिशवी उघडून त्यानं माझ्यापुढं धरली, बोटानं गांजाची एक कळी दाबली, ती चुरली. मागच्या हंगामाचा माल होता. रंग करडा पडत चाललेला. तो काय म्हणाला ते पुतण्यानं सांगायच्या आधी मला कळलं. मी असा चुरा आधी पाहिला होता.

त्याची गोष्ट अशी. तिथं नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदानानं गांजा कायदेशीर ठरला, १ जानेवारी २०१८ पासून दुकानं उघडली. लोकांना सांगितलं होतं की पहिली पाच वर्षं मोठे परवाने देणार नाही, लहान माणसाला पाय रोवायला वेळ मिळेल. पण नियम लिहिताना एका माणसानं लहान परवाने किती घ्यायचे, यालाच मर्यादा घातली नाही. झालं. पैसेवाल्यांनी लहान परवाने डझनांनी घेऊन एकमेकांना जोडले. दक्षिणेत सांता बार्बराकडं फुलशेतीची जुनी काचघरं होती, ती गांजानं भरली. त्यांचं पीक वर्षातनं अनेकदा, आणि डोंगरावरच्या माणसाचं उन्हात एकदा.

कर कसा होता बघ. राज्याचा लागवड कर वजनावर, भाव काही का असेना. २०२२ ला तो पाउंडाला १६१ डॉलरपर्यंत गेला होता. भाव हजाराच्या वर असताना तो सोसला. २०२१ नंतर भाव काहीशे डॉलरवर कोसळला तेव्हा तोच कर गळ्याशी आला. १ जुलै २०२२ ला सरकारनं तो काढून टाकला, तोवर कित्येकांनी परवाने सोडून दिले होते. काउंटीचा कर तर जागेच्या चौरस फुटावर. आणि ग्राहक दारात आला तरी साधा लागवडीचा परवाना असलेल्यानं त्याला विकायचं नाही. आधी परवानाधारक वितरक, मग प्रयोगशाळा, मग दुकान. राज्याबाहेर पाठवायला देशाच्या कायद्यानं बंदी.

हा माणूस चोरून पिकवत होता तेव्हा त्याला पोलिसांची भीती होती, पण विकत घेणारा त्याच्या दारात यायचा आणि पटलं नाही तर हा नाही म्हणायचा. मी त्या चोरट्या धंद्याची भलावण करत नाही. मी एवढंच सांगतोय की कायदा आला, भीती गेली आणि त्याबरोबर त्याचं थांबणंही गेलं. काढणी झाली की कराची तारीख, वितरकाची तारीख, आणि कळीला स्वतःची एक तारीख. वर्षभरात वास जातो, जोर जातो. मोठ्याला मात्र थांबता येतं, कारण त्याच्यामागं दुसऱ्यांचा पैसा असतो. तो दोन वर्षं तोट्यात विकतो, लहान माणूस उठून जाईपर्यंत.

तू म्हणशील तो नशेचा गांजा, मी तर हेम्प म्हणतेय. बरं. अमेरिकेनं २०१८ च्या शेतकी कायद्यानं हेम्प देशभर मोकळं केलं. २०१९ मध्ये जो तो लावत सुटला, बहुतेकांनी सीबीडीचं, म्हणजे हेम्पमधल्या नशा न आणणाऱ्या अर्काचं, तेल काढायला म्हणून. वर्षभरात भाव कोसळला, माल गोदामात आणि शेतात कुजला, प्रक्रिया करणारे कारखाने दिवाळ्यात गेले आणि करार कागदावर राहिले. ज्याचा टीएचसी ०.३ च्या वर गेला त्याचं उभं पीक नष्ट करायला लावलं. आपल्याकडं असं झालं तर नुसतं पीक जाणार नाही, एनडीपीएस आहे. तुझ्या कागदात बियाणं कंपनीचं आहे, पण टीएचसी वाढला तर जबाबदारी कुणाची, ते कलम मला सापडलं नाही. तुला सापडलं का?

तुझी शंका मला ऐकू येतेय. उसाला कुठं थांबता येतं? तोडला की चोवीस तासांत गाळपाला गेला पाहिजे, नाहीतर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. तरी सांगली जिल्हा उसावर उभा आहे. बरोबर. पण उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, आहे, चौदा दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, आणि तो पाळला गेला नाही तर रस्त्यावर उतरणाऱ्या संघटना आहेत. ती माणसं उगाच लाठ्या खात नव्हती. ज्या पिकाला थांबता येत नाही, त्याला कुणीतरी कायद्यानं धरून ठेवावं लागतं. हेम्पला कोण धरणार? तुझ्या कागदात लिहिलंय "प्रचलित बाजारभावाने खरेदी". बाजारच नाही तर प्रचलित काय? आणि खाली, "गुणवत्तेत न बसणारा माल नाकारण्याचा अधिकार कंपनीकडे राहील". ही दोन वाक्यं तू शिकलेली पोरगी असून तुझ्या नजरेतनं कशी सुटली?

थांब. रागावू नकोस. मीही सुटू दिली होती.

कडकनाथ कोंबड्यांच्या नावानं इस्लामपूरला २०१९ मध्ये शेतकरी कसे बुडाले ते आठव. त्याआधी इमू पक्षी, त्याआधी सफेद मुसळी ही औषधी वनस्पती. प्रत्येक वेळी अनामत आधी, पक्षी आधी, बेणं आधी, आणि खरेदी नंतर. कोंबडीला थांबायचं म्हणजे तिला रोज खायला घालायचं. ज्यांनी कर्ज काढून शेड बांधल्या त्यांना ते झेपलं नाही.

आता खरोखर परवानगी आलीच आणि तुला शिरायचंच असेल, तर मी आडवा येणार नाही. दोन वाटा आहेत. एक बियांची. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, हेम्पचं बी, तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केलं. बी कोरडं करून ठेवता येतं, म्हणजे थांबता येतं. घाणा तुझ्या मामाकडं आहेच. दुसरी धाग्याची. पण ताटं फोडून धागा काढायचं यंत्र किती मैलांवर आहे, हे आधी बघ. ताटं म्हणजे फुगीर, हलका माल. ट्रक भरतो आणि वजन काही भरत नाही. यंत्र दोनशे किलोमीटरवर असेल तर तुझा नफा डिझेलमध्ये जाईल. आणि दोन्हींसाठी दहा गुंठ्यांच्या वर पहिल्या वर्षी लावायचं नाही. बाग काढायची नाही. बाग काढायचीच नाही.

लोक माझ्याबद्दल तुला सांगतील. माझा मुलगाही पुण्याहून फोनवर सांगतो, आण्णा, तुम्ही थांबत बसता आणि भाव निघून जातो. एकदा मी बेदाणा बावीस महिने शीतगृहात ठेवला आणि शेवटी सुरुवातीच्या भावापेक्षा कमीनं दिला. भाडं वेगळं. खरं आहे. पण त्या बावीस महिन्यांत एकाही अडत्यानं मला "आज दे नाहीतर राहू दे" म्हटलं नाही. बाजार समितीच्या तारण योजनेत माल ठेवून सहा टक्क्यानं उचल घेतली, त्यावर छाटणीचा खर्च भागवला. मी तोट्यात विकलं, पण मी ठरवलं त्या दिवशी विकलं. २००९ नंतर मला त्या एका दिवसाची किंमत कळते. मुलाला कळत नाही, कारण तो तेव्हा दहावीत होता आणि मी त्याला क्लासला सांगलीत ठेवलं होतं, हे बघायला लागू नये म्हणून. ते बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही.

तुझ्या वडिलांना हे पत्र वाचून दाखव. त्यांना बोलायला त्रास होतो, तरी एक गोष्ट विचार: त्या मार्चमध्ये माझ्या रानात कुऱ्हाड कुणी चालवली. माझा हात उठत नव्हता. ते सकाळी न बोलावता आले, दोन दिवस तोडत राहिले आणि जेवायलासुद्धा थांबले नाहीत. त्यांच्याच पोरीनं तसला कागद माझ्यापुढं धरला, म्हणून रविवारी माझ्या तोंडातनं शब्द फुटला नाही.

शनिवारी तासगावात बेदाण्याचा सौदा आटोपून मी चारपर्यंत घरी येतो. कागद घेऊन ये. अनामत भरली असशील तर पावतीही आण, लपवू नकोस. आणि खरडछाटणीला माणसं मिळत नाहीत म्हणत होतीस, आमची टोळी पुढच्या आठवड्यात तुझ्याकडं लावतो.

तुझा,
आण्णा