वाचक विचारतात : आधी नोटा एक झाल्या, मग देश

गेल्या अंकात नोटबंदीवर लिहिताना मी 1948 च्या जर्मन नोटबदलाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावरून या महिन्यात जर्मनीचीच पत्रं जास्त आली. तीच आधी घेतो. पेन्शनवाल्यांनी रागावू नये, त्यांची उत्तरं पुढच्या अंकात.

प्रश्न : मी धंतोलीत एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबर 1989 ला पडली, मग एकीकरण 3 ऑक्टोबर 1990 ला का? मधल्या काळात काय चाललं होतं? आणि भिंत सीमेवर न बांधता बर्लिनमध्येच का बांधली?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, शेवटचा प्रश्न आधी. बर्लिन सीमेवर नव्हतंच. 1945 मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया यांनी हरलेल्या जर्मनीचे चार वाटे केले. राजधानी पडली रशियन वाट्याच्या पोटात, म्हणून तिचेही वेगळे चार वाटे झाले. पश्चिम बर्लिनहून निघून पश्चिमेकडची हद्द गाठायची तर नागपूर-अमरावतीहून थोडं जास्तच अंतर, आणि सगळा मुलूख रशियनांचा. पुढे पश्चिमेच्या तीन वाट्यांचा पश्चिम जर्मनी आणि रशियन वाट्याचा पूर्व जर्मनी झाला. या दोन जर्मनींमधली लांबलचक सीमा पूर्वेने 1952 मध्येच बंद केली होती. बर्लिन तेवढं उघडं राहिलं. 1949 ते 1961 मध्ये पंचवीस लाखांहून जास्त लोक पूर्व सोडून गेले, शेवटी शेवटी बहुतेक याच फटीतून. 13 ऑगस्ट 1961 च्या रविवारी पहाट व्हायच्या आत ती बुजवली. ही भिंत पश्चिम बर्लिनला चहूबाजूंनी वेढणारी होती, एकूण सुमारे 155 किलोमीटर. नकाशा काढून बघ, मग विसरणार नाहीस.

आता चार वाट्यांचे दोन देश कशाने झाले? पुस्तकात ‘शीतयुद्ध’ लिहिलेलं असतं. माझा उभा जन्म बँकेच्या कॅश काउंटरमागे गेला, त्यामुळे मला नोटा आधी दिसतात. युद्धानंतर जुन्या राइशमार्कला कुणी विचारत नव्हतं, बाजार सिगारेटींवर चालायचा. 20 जून 1948 ला तिन्ही पश्चिमी वाट्यांत नवा डॉइश मार्क आला. नोटा अमेरिकेत छापून गुपचूप जहाजाने आणल्या होत्या. माणशी 40 मार्क लगेच, 20 मागाहून. बँकेतल्या ठेवींचं मात्र पार वाटोळं झालं, शेवटी शंभर जुन्या मार्कांना साडेसहा नवे पडले. आणि शनिवारी ‘माल नाही’ म्हणणाऱ्या दुकानांच्या काचेत सोमवारी सगळं मांडलेलं! व्यापारी सगळीकडचे सारखेच, राजेहो.

रशियनांची पंचाईत झाली. पश्चिमेत बाद झालेल्या नोटा लोंढ्याने पूर्वेत येणार होत्या, आणि नव्या नोटा तयार नव्हत्या. मग त्यांनी जुन्याच नोटांवर छोटी कुपनं चिकटवून त्या चालू केल्या. लोकांनी नाव ठेवलं ‘वॉलपेपर मार्क’. चिकटपट्टी लावलेली नोट खपवायला येणाऱ्या गिऱ्हाइकांशी मी आयुष्यभर हुज्जत घातली. इथे सरकारच गोंद घेऊन बसलं होतं. पश्चिमेने बर्लिनमधल्या आपल्या भागात ‘बी’ शिक्क्याचे मार्क वाटायला घेतले आणि 24 जूनला रशियनांनी तिकडचे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले. कोळशापासून दुधाच्या भुकटीपर्यंत सगळं विमानांनी न्यावं लागलं : पावणेतीन लाखांहून जास्त फेऱ्या, सुमारे 23 लाख टन माल. नाकेबंदी 12 मे 1949 ला उठली. पण 23 मे रोजी पश्चिम जर्मनी आणि 7 ऑक्टोबरला पूर्व जर्मनी असे दोन देश उभे राहिलेच.

आता तुझे मधले महिने. 9 नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूर्वेच्या सत्ताधारी पक्षाचे गुंटर शाबोव्स्की पत्रकारांना प्रवासाचे नवे नियम वाचून दाखवत होते. कधीपासून लागू, असं कुणीतरी विचारलं. त्यांनी कागद चाळले आणि ‘ताबडतोब’ म्हणाले. नियम खरं तर दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते. लोक नाक्यांवर जमले, बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या अधिकाऱ्यांना गर्दी आवरेना, आणि नाका उघडला. पुढचे दिवस पश्चिमेतल्या बँकांसमोर रांगा, कारण पूर्वेतून येणाऱ्या प्रत्येकाला तिथे 100 मार्क स्वागताचे मिळत.

पण येण्याजाण्याची वाट मोकळी झाली म्हणून देश एक होत नाही. उलट पूर्व रिकामी होऊ लागली. मिरवणुकांत घोषणा होती : मार्क आला तर आम्ही राहू, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जाऊ. 18 मार्च 1990 च्या निवडणुकीत लवकर एकीकरण मागणारी आघाडी जिंकली. 1 जुलैला दोन्हीकडे एकच चलन झालं. देश अजून दोन, रिझर्व्ह बँक एक! 12 सप्टेंबरला मॉस्कोत दोन जर्मनी आणि चार विजेत्यांचा करार झाला, कारण 1945 चे हक्क त्या चौघांनी सोडल्याशिवाय जर्मनांना आपलं घर जोडता येत नव्हतं. मग 3 ऑक्टोबर. पूर्वेतली पाच राज्यं पश्चिमेच्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे तिथल्या घटनेच्या, कलम 23 खाली सामील झाली, नवी घटना लिहिली गेली नाही. हा मुद्दा परीक्षेत हमखास सुटतो.

प्रश्न : पूर्वेतल्या लोकांना एका मार्कास एक मार्क मिळाला असं वाचलं. मग तर त्यांची चांदीच झाली असेल?
– एक निवृत्त कारकून, महाल

उत्तर : पूर्ण नाही. मुलांना 2000, मोठ्यांना 4000 आणि वयस्करांना 6000 मार्कांपर्यंत एकास एक. त्यावरच्या रकमेला दोनास एक. रोकड थेट बदलून मिळत नव्हती, आधी खात्यात भरा. (काउंटरवरच्या माणसांचं काय झालं असेल, ते तुम्हाला आणि मलाच कळेल.)

खरी गोम पगारांत होती. तेही एकास एकच ठरले. जुनाट यंत्रांवर चालणाऱ्या कारखान्याला एका रात्रीत पश्चिमेच्या खणखणीत मार्कांत पगार देणं भाग पडलं. त्याचं गिऱ्हाईक होतं रशिया, पोलंड. त्यांच्याकडे मार्क कुठून येणार? आणि खुद्द पूर्वेच्या लोकांनी तरी पूर्वेचा माल का घ्यावा? ज्या ट्रबांट गाडीसाठी लोक दहा-दहा वर्षं नंबर लावून बसायचे, तिचं उत्पादन एप्रिल 1991 मध्ये बंद पडलं. हजारो सरकारी कंपन्या विकायला ‘ट्रॉयहांड’ नावाची संस्था होती. तिचे प्रमुख डेटलेफ रोवेडर यांना 1 एप्रिल 1991 ला त्यांच्या घरीच गोळी घातली गेली. 1994 अखेर संस्था गुंडाळली तेव्हा तोटा अडीचशे अब्ज मार्कांच्या वर गेला होता. पश्चिमेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष कार्ल ओटो प्योल या दराच्या विरोधात होते. त्यांचं ऐकलं नाही, 1991 मध्ये ते पायउतार झाले. मला विचाराल तर हिशेबात प्योल बरोबर होते. पण दोनास एक दराने पगार दिला असता, तर तरुण पोरं बॅगा भरून पश्चिमेला निघालीच असती.

प्रश्न : जर्मनी जोडली गेली, मग भारत-पाकिस्तान का नाही?
– एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : ही तुलना चालत नाही. जर्मनीची फाळणी कुठल्या जर्मन पक्षाने मागितली नव्हती, ती विजेत्यांच्या सोयीने झाली. पश्चिम जर्मनीने पूर्वेच्या माणसाला कायम आपलाच नागरिक मानलं. तो पोचला की पासपोर्ट तयार. तुलना करायचीच तर कोरियाशी करा.

प्रश्न : नाणी-नोटांच्या प्रदर्शनात पूर्व जर्मनीची 500 मार्कांची नोट दिसली. ‘चलनातली, वापरलेली’ म्हणून विक्रेता जास्त भाव मागतो आहे. घ्यावी का?
– एक संग्राहक, इतवारी

उत्तर : त्या भावाला मुळीच नको. 200 आणि 500 च्या नोटा 1985 मध्ये छापल्या, पण चलनात कधी आल्याच नाहीत. वापरलेली असणार कशी? एकीकरणानंतर पूर्वेच्या नोटा हाल्बरश्टाटजवळच्या भुयारांत सुमारे 3000 टन कोंबून ठेवल्या होत्या. आपोआप कुजतील अशी अपेक्षा होती. त्या काही कुजल्या नाहीत. 2001 मध्ये चोर आत शिरले आणि संग्राहकांच्या बाजारात या नोटा दिसू लागल्या, तेव्हा कुठे 2002 मध्ये उरलेला साठा जाळून टाकला. चुरगळलेली असेल तर ती कुणीतरी मुद्दाम चुरगळली आहे. संग्रहच करायचा असेल तर कार्ल मार्क्सचं चित्र असलेली 100 ची नोट घ्या, ती खरोखर लोकांच्या खिशात फिरलेली आहे, आणि ती घेतानाही घासाघीस करा.