वाचकांचे प्रश्न : चालू एसएमपीएस बदलावा का?

प्रश्न : आमचा डेस्कटॉप दहा वर्षांचा आहे, प्रोसेसर आय5-4460. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, कॅबिनेटसोबतच आलेला, 450 वॅटचा. लेबलाचा फोटो जोडला आहे. रोज सात-आठ तास चालतो आणि आजवर बंद पडलेला नाही. मुलाला व्हिडिओ एडिटिंगसाठी आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आहे. चांगला चालणारा एसएमपीएस उगाच का बदलायचा? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : बदलाच, आणि कार्ड आणण्याआधी बदला. वय हे दुसरं कारण, पहिलं कारण तुमच्या लेबलावरच छापलेलं आहे. फोटोत +12 व्होल्टच्या खाली 16 अँपिअर असा आकडा आहे. 12 गुणिले 16 म्हणजे 192 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच 12 व्होल्टवरून घेतात. 450 पैकी उरलेले वॅट 5 आणि 3.3 व्होल्टच्या नावावर दाखवलेले आहेत, आणि त्यांचा आजच्या मशीनला फारसा उपयोग नाही. आता खर्च मांडा : कार्ड 170 वॅट, प्रोसेसर 84, मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून चाळीस-पन्नास. झाले 300 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर सुमारे 25 अँपिअर. शिवाय कार्ड क्षणभर याहूनही जास्त ओढतं. या कार्डासाठी ते बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीची शिफारस 550 वॅटच्या एसएमपीएसची आहे. चांगल्या 550 वॅटच्या एसएमपीएसवर 12 व्होल्टखाली चाळीसच्या पुढे अँपिअर लिहिलेले दिसतील. दुकानात आधी तोच आकडा वाचा. ‘80 प्लस’ ही खूण विजेच्या काटकसरीची आहे, टिकाऊपणाची नाही. टिकाऊपणाचा अंदाज वॉरंटीवरून घ्यावा : पाच, सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी देणाऱ्याने आतला माल बरा वापरलेला असतो.

कार्ड घ्यायचं नसतं, तर उत्तर इतकं सरळ नव्हतं. एसएमपीएस म्हातारा होतो तो मुख्यतः इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमुळे, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणाऱ्या आतल्या नळकांडीसारख्या भागांमुळे. आतला द्रव हळूहळू सुकतो. साध्या प्रतीच्या कपॅसिटरचं आयुष्य 105 अंश तापमानाला 2000 तास दिलेलं असतं आणि तापमान 10 अंशांनी उतरलं की ते साधारण दुप्पट होतं. कपॅसिटर 65 अंशांवर राहिला तर हिशेबाने 32,000 तास, म्हणजे रोज आठ तासांच्या वापराने अकराएक वर्षं. तोच 75 अंशांवर राहिला तर साडेपाच. हे 10 अंश कुठून येतात ते बघायचं असेल तर मागच्या जाळीवर टॉर्च मारा. पंख्याच्या पात्यांच्या कडेला करडी लव आणि जाळीच्या भोकांत धुळीचा नमदा दिसला, की हवा अडते आणि आतलं तापमान चढतं. कोकणातल्या दमट हवेत ही धूळ चिकटून बसते, नुसत्या फुंकरीने निघत नाही. म्हणून नुसतं ‘किती वर्षं झाली’ हे विचारून भागत नाही, मशीन कुठे आणि कसं ठेवलं होतं हेही बघावं लागतं. चांगल्या कंपनीचा, स्वच्छ राहिलेला, निम्म्या लोडवर चाललेला एसएमपीएस आठव्या वर्षी केवळ वय झालं म्हणून फेकू नये. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट आलेला मात्र पाच वर्षांनंतर भरवशाचा समजू नये.

एक लक्षण आपल्याकडे सर्रास दिसतं आणि त्याचा दोष चुकून यूपीएसला दिला जातो. लाइट गेली की यूपीएस लगेच बॅटरीवर जातो, तरी मशीन रीस्टार्ट होतं. घरगुती यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. एवढा वेळ एसएमपीएसने आतल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो, एटीएक्सच्या, म्हणजे डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या मानकाच्या, नियमाप्रमाणे सुमारे 16 मिलिसेकंद. हा कपॅसिटर सुकला की साठा आधीच संपतो. खात्री करायला त्याच यूपीएसवर दुसरं, नवं मशीन लावून भिंतीवरचं बटण बंद करा. ते चालू राहिलं आणि तुमचंच बंद पडलं, तर यूपीएसची बॅटरी बदलण्यात पैसे घालवू नका. सकाळी पहिल्या दाबात सुरू न होणं, गेम किंवा व्हिडिओचं रेंडरिंग सुरू होताच बंद पडणं, जळकट वास, ही लक्षणं दिसली तर महिनाभरही थांबू नये.

प्रश्न : मल्टिमीटरवर 12.08 व्होल्ट दाखवतो. म्हणजे एसएमपीएस ठणठणीत आहे ना? — एक वाचक, नागपूर

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. मर्यादा 5 टक्क्यांची आहे : 12 चे 11.4 ते 12.6, 5 चे 4.75 ते 5.25. मशीनवर पूर्ण लोड असताना मोकळ्या चार-पिनी कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर मोजा, 11.4 च्या खाली आकडा गेला तर निकाल लागला. पण आकडा बरोबर आला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. कपॅसिटर सुकल्यावर त्या सरळ व्होल्टेजवर बारीक, वेगवान तरंग उठतात. नियमात 12 व्होल्टवर 120 मिलिव्होल्ट आणि 5 व्होल्टवर 50 मिलिव्होल्ट इतकेच तरंग चालतात. ते बघायला ऑसिलोस्कोप, म्हणजे तरंग पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र, लागतं. हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरला, ही चाचणी तर ‘पूर्ण मेलेला नाही’ एवढंच सांगते. फुगलेले कपॅसिटर बघायला डबा उघडू नका. पॉवर फॅक्टर करेक्शन असलेल्या एसएमपीएसमध्ये मोठ्या कपॅसिटरवर 400 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो लगेच ओसरेल असं नाही.

प्रश्न : कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस लीक झाला आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा नाही, आणि नवा आणलात तरी झिणझिण्या येतच राहतील. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेजकडून आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत एकेक छोटा कपॅसिटर मुद्दाम जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. एरवी तो नुसता झिणझिणतो, पण टीव्हीला एचडीएमआयची वायर जोडताना ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतो. वायरमनकडून सॉकेट तपासून घ्या : फेज आणि अर्थमध्ये 230 च्या जवळ, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-तीन व्होल्ट हवेत. कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून देतो म्हणाला, तर स्पष्ट नकार द्या. न्यूट्रल तुटला की त्या जोडणीने कॅबिनेटवर पूर्ण 230 व्होल्ट येतात.

प्रश्न : नव्या मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसला जुन्याच वायरी नीट बसतात. त्याच ठेवू का? — एक वाचक, पुणे

उत्तर : एकही ठेवू नका. मदरबोर्ड, डिस्क, कार्ड यांच्याकडचं टोक ठरलेलं आहे, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनवर काय यावं याचा नियम नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. 5 व्होल्टच्या जागी 12 आले की एसएसडी पहिल्याच बटणाला जाते आणि त्यावरचा डेटाही. बदलताना भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, जुन्या जोडण्यांचा फोटो काढा, मगच मागचे चार स्क्रू सोडवा. प्रोसेसरची आठ पिनांची वायर चार-चारमध्ये सुटते, ग्राफिक्स कार्डाची सहा-दोनमध्ये. दोन्हींत पिवळ्या-काळ्या तारांच्या जागा उलट असतात, त्यामुळे घट्ट जाते म्हणून जोर लावायचा नाही. नव्या खोक्यातल्या वायरींना कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यावर मॉडेल लिहून ठेवा.