शाळा सुटल्यानंतरचे तीन तास

तुमची लेक सहा वर्षांची, नुकतीच पहिलीत गेलेली. शाळेनंतर तीन तास डे-केअरमध्ये असते आणि घरात पाऊल टाकताच कारण नसताना रडते. म्हणून तुम्ही विचारलंत, तिला तिथे ठेवून आपलं चुकतंय का? मी चौदा वर्षं शाळेनंतरची मुलं सांभाळते आहे आणि माझी दोन्ही मुलंही अशाच ठिकाणी राहिली आहेत.

आधी रडण्याचं. दिवसभर बाकावर बसायचं, रांगेत उभं राहायचं, रडू आलं तरी गिळायचं. आई दिसली की तो बांध फुटतो. नुसत्या तेवढ्यावरून डे-केअर वाईट ठरत नाही. पण रोज जायच्या वेळी पोटात दुखत असेल, झोप बिघडली असेल किंवा सुट्टीच्या दिवशीही ती गप्प गप्प असेल, तर मात्र दुर्लक्ष करू नका.

मुलं शाळेतून येतात नेमकं त्याच वेळी एकदा तिथे जाऊन बसा. माझ्याकडे एक मुलगा यायचा तो दप्तर पाठीवर तसंच ठेवून थेट टेबलाखाली शिरायचा. आम्ही त्याला हाक मारायचो नाही. पंधरा-वीस मिनिटांनी आपणहून बाहेर यायचा, दप्तर खुंटीला लावायचा आणि खाऊ मागायचा. आल्याआल्या गृहपाठाची वही उघडायला लावणाऱ्या ठिकाणी तो हट्टी ठरला असता. त्या पहिल्या अर्ध्या तासात तिथल्या ताई मुलांशी कशा वागतात, यावरून मला त्या जागेचा अंदाज येतो.

नुसतं सांभाळणं आणि काही देणं यात फरक आहे. 2010 मध्ये दुर्लाक, वाइसबर्ग आणि पचान या अमेरिकी संशोधकांनी शाळेनंतरच्या उपक्रमांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. जिथे मुलांना पायरीपायरीने, प्रत्यक्ष करायला लावून, त्यासाठी वेळ राखून आणि काय शिकवायचं हे नक्की ठरवून शिकवलं जात होतं, तिथे आत्मविश्वास, वागणूक आणि अभ्यास या सगळ्यांत फायदा दिसला. बाकीच्या ठिकाणी तसा दिसला नाही. म्हणून लगेच आणखी एक क्लास लावू नका! सहाव्या वर्षी शिकायचं ते म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबणं, खेळात हरल्यावर पट न उधळणं, भांडण झालं तर तोंडाने सांगणं. ते खेळातूनच येतं, पण शेजारी समजून घेणारं मोठं माणूस हवं.

त्या ताई किती वर्षं तिथे आहेत, हेही विचारा. दर दोन महिन्यांनी माणूस बदलत असेल तर मूल जीव लावणार कुणाला?

माझ्या थोरल्याच्या वेळी मी चुकले. पहिल्या ठिकाणी दिवसभर टीव्ही चालू असायचा. तो रडत नव्हता, म्हणून मला वाटलं, रमलाय. चार महिन्यांनी सहज विचारलं, "तुझ्या शेजारी कोण बसतं?" त्याला एकाही मुलाचं नाव सांगता आलं नाही. त्याच आठवड्यात मी त्याला तिथून काढलं. ती गोष्ट मला आजही लागते.

जमलं तर आठवड्यातला एक दिवस ठरवून तिला लवकर आणा. वार एकच ठेवा, म्हणजे ती त्या दिवसाची वाट बघेल. रोज परत येताना "आज काय केलंस?" हे लगेच विचारू नका, हात धरून नुसतं चाला. आठवडाभर ऐकत राहा, तिच्या बोलण्यात तिथल्या कुणाचं नाव येतं का. आणि मग मला कळवा.