थंड उन्हाळ्यासाठी टोमॅटोचा वाण कसा निवडावा?

प्रश्न : आमच्याकडे ऐन उन्हाळ्यातही दुपारचे तापमान २० ते २२ अंश सेल्सिअसच्या पुढे क्वचितच जाते आणि रात्री ते ११-१२ अंशांपर्यंत उतरते. मागच्या हंगामात परसबागेत मोठ्या फळांचा टोमॅटो लावला होता. झाडे पुरुषभर उंच झाली, परंतु निम्मी फुले गळाली आणि जी फळे धरली ती थंडी पडेपर्यंत हिरवीच राहिली. खत कमी पडले, की वाणच चुकला?

उत्तर : झाडे पुरुषभर उंच झाली, त्या अर्थी खत कमी पडलेले नाही, उलट नत्र थोडे जास्तच झाले असावे. चूक वाणाच्या निवडीत आहे, आणि ती समजून घेण्यासाठी दुपारच्या तापमानापेक्षा रात्रीच्या तापमानाकडे पाहावे लागेल. रात्रीचा पारा साधारण १३ अंशांच्या खाली राहू लागला की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत, परागीभवन अपुरे राहते आणि फूल देठावरील सांध्यापाशी पिवळे पडून गळते. कळीच्या अवस्थेत थंडी लागलेले फूल टिकून फळ धरलेच, तर ते पुष्कळदा बेढब होते : तळाशी खोल घड्या पडतात आणि त्यांच्या मधोमध तपकिरी, खरखरीत व्रण राहतो. मोठ्या फळांच्या वाणांत हा दोष अधिक दिसतो. म्हणून तुमच्यासारख्या हवामानात वाण निवडताना फळ किती मोठे आहे हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो, आणि ‘लवकर येणारा’ या शिक्क्याकडे त्यानंतर पाहतो.

बियाण्याच्या पाकिटावर छापलेले दिवस सहसा बी पेरल्यापासून नव्हे, तर रोप कायमच्या जागी लावल्यापासून मोजलेले असतात, आणि तेही पुरेशी ऊब मिळेल असे गृहीत धरून. थंड हवेत त्यात दोन-तीन आठवड्यांची भर पडणे स्वाभाविक आहे. ‘ब्रँडीवाइन’सारखा चवीला नावाजलेला, पण ८० दिवसांहून अधिक घेणारा वाण त्यामुळेच तुमच्या बागेत रंगावर येण्याआधी हंगाम संपतो. ६० दिवसांच्या आतबाहेरचे वाण निवडावेत.

त्यांत माझी पहिली पसंती ‘स्टुपित्से’ या मूळच्या चेकोस्लोव्हाकियातील वाणाला आहे. त्याची पाने बटाट्याच्या पानांसारखी रुंद असतात, फळे लहान पण झुपक्याने येतात, आणि लवकर येणाऱ्या वाणांमध्ये सहसा न आढळणारी चव त्याला आहे. ‘सब-आर्क्टिक प्लेंटी’ किंवा ‘ग्लेशियर’ हे बुटके वाण थंडीला दाद देत नाहीत आणि कुंडीतही चालतात. मात्र ‘सब-आर्क्टिक प्लेंटी’ची चव बेताचीच आहे, हे सांगितलेले बरे. गोडीच हवी असेल तर ‘सनगोल्ड’ हा नारिंगी चेरी टोमॅटो लावा, कारण इतक्या लहान फळाला पिकायला ऊबही कमी पुरते. तो अमर्याद वाढीचा असल्याने त्याला उंच, भक्कम आधार द्यावा लागतो आणि बगलफुटी वेळोवेळी खुडाव्या लागतात. शिवाय तो संकरित आहे. त्याच्या फळांतील बी धरून ठेवले तर पुढच्या वर्षी तोच टोमॅटो मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

मध्यम आकाराच्या फळांचा आग्रह असेल, तर अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठाने विकसित केलेला ‘ओरेगन स्प्रिंग’ पाहावा. परागीभवन झाले नाही तरी त्याला फळ धरू शकते, त्यामुळे गार रात्रींत उमललेली पहिली फुले वाया जात नाहीत; त्या फळांत बिया जवळजवळ नसतात, एवढाच फरक. इतर वाणांच्या बाबतीत कोरड्या दुपारी फुलांचे घोस बोटाने हलकेच झटकल्यास परागकण मोकळे होण्यास मदत होते.

प्रश्न : थंडीबरोबर आमच्याकडे पावसाची रिपरिपही असते आणि हंगामाच्या शेवटी झाडे करपून जातात. यावर वाण बदलण्याचा उपयोग होईल का?

उत्तर : होईल, पण मर्यादित. पानांवर ओलसर, काळपट डाग आणि दमट सकाळी पानाच्या खालच्या बाजूला डागाच्या कडेने पांढुरकी बुरशी दिसत असेल, तर तो उशिरा येणारा करपा, म्हणजे बटाट्यावरही पडणारा तोच रोग होय. ‘माउंटन मॅजिक’ या लहान फळांच्या संकरित वाणात या रोगाला तोंड देणारी दोन जनुके एकत्र आणलेली आहेत. ‘लिजेंड’ हा ओरेगनचाच वाण काही प्रमाणात प्रतिकार करतो आणि परागीभवनाशिवायही फळ धरतो. मात्र तो ‘स्टुपित्से’पेक्षा उशिरा येतो. प्रतिकारक वाणालाही पाने सतत ओली राहिली तर रोग लागू शकतो, तेव्हा पाणी बुंध्याशी द्यावे, रोपांत अंतर ठेवावे आणि शक्य असल्यास वरून पारदर्शक छत करावे.

प्रश्न : एवढे करूनही शेवटी झाडावर हिरवी फळे उरली, तर ती घरात पिकतील का?

उत्तर : फळ पूर्ण वाढलेले असेल तरच पिकेल. एक फळ धारदार सुरीने आडवे कापून पाहा. बियांभोवती बुळबुळीत गर तयार झालेला असेल आणि सुरीखालून बिया न कापता बाजूला सरकत असतील, तर त्याच आकाराची व तकाकीची बाकीची फळे पिकण्यासारखी आहेत. बिया चिरल्या गेल्या तर फळे कोवळी आहेत, त्यांची चटणी करावी. पाडाला आलेली फळे १८ ते २१ अंशांच्या खोलीत एका थरात मांडून ठेवावीत. त्यांना उन्हाची गरज नसते. फ्रिजमध्ये मात्र ती ठेवू नयेत, कारण १० अंशांच्या खाली रंग चढणे जवळपास थांबते आणि अशी फळे नंतर बाहेर काढली तरी त्यांना नीट चव येत नाही.