हात खरंच खाली गेला, मग चाचणी खोटी कशी?

"मॅडम, मी हात मुद्दाम सोडला नाही. जोर लावून धरला होता, तरी खाली गेला. मग ते खोटं कसं म्हणायचं?"

मसल टेस्टिंग, म्हणजे हातावर दाब देऊन कुठला पदार्थ सोसतो ते ठरवायची चाचणी, करून माझ्याकडे समुपदेशनाला आलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. गोव्याच्या किनारपट्टीवर योग, ध्यान, रेकीच्या फलकांत ती 'कायनेसिऑलॉजी' या नावाने कधीच येऊन बसली आहे, आणि तिथलं खूळ आतल्या डिचोली-साखळीपर्यंत यायला वेळ लागत नाही. वरचा प्रश्न तिकडच्याच एका आईचा. घर ओळखू येऊ नये इतपत तपशील बदलून सांगते.

मुलगी पाचवीत. सकाळी उठली की पोट धरून बसायची. कुणाच्या तरी ओळखीने तिला एका उपचारकाकडे नेलं. लहान मुलांची चाचणी तिथे आईमार्फत झाली. मुलीने एका हाताने आईला धरायचं, दुसऱ्या हातात पदार्थाची बाटली घ्यायची. आईने आपला हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायचा आणि उपचारकाने मनगटावर दाब द्यायचा. हात टिकला तर पदार्थ चालतो, पडला तर चालत नाही. दूध, गहू, सुंगटं (कोळंबी) आणि नारळ या चारही बाटल्यांना हात पडला.

गोव्याच्या घरात नारळ बंद! आजी वैतागली, "नाल्ल नासतना हुमण कशें करूं?" (नारळाशिवाय कालवण कसं करू?) पोरीचा वरण-भात वेगळा शिजू लागला. पहिले पंधरवडाभर पोट दुखलं नाही, म्हणून सगळ्यांचा विश्वास बसला. (तेव्हा दिवाळीची सुटी होती, हे बरंच नंतर निघालं.) शाळा सुरू झाल्यावर दुखणं परत आलं, वजनही उतरलं.

माझ्याकडे मुलांसाठी बिस्किटांची बशी असते. पोरीने एक उचललं, मांडीवर ठेवलं, डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून कडं केलं, त्यात उजवं बोट अडकवून ओढलं. कडं सुटलं. बिस्कीट मुकाट्याने परत बशीत. घरी करायला शिकवलेली चाचणी होती ती. त्या क्षणी मला पोटापेक्षा या कड्याची काळजी जास्त वाटली.

आईला आधी एक घोळ सोडवून दिला. कायनेसिऑलॉजी म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, आणि फिजिओथेरपीत ते रीतसर शिकवतात. पक्षाघातानंतर किंवा नस दुखावल्यावर फिजिओथेरपिस्ट स्नायूची ताकद हाताने तपासून ० ते ५ अशी श्रेणी देतात. त्यात स्नायूला विचारलेला प्रश्न स्नायूबद्दलचाच असतो. नारळ सोसतो का, असं खांद्याला विचारण्याची पद्धत वेगळी. तिचं नाव 'अप्लाइड कायनेसिऑलॉजी', आणि ती १९६४ मध्ये जॉर्ज गुडहार्ट या अमेरिकी कायरोप्रॅक्टरने (मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्याने) सुरू केली.

मग हात पडतो कसा? दाब मनगटावर की कोपराजवळ, "धरा" म्हटल्यावर लगेच की क्षणभराने, कितव्यांदा, एवढ्यानेही फरक पडतो. त्यात दोघांच्याही मनात अंदाज असतो. मनात आलेल्या अपेक्षेने स्नायू नकळत हलतात, हे विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच मांडलं होतं. प्लँचेटची वाटी सरकते तीही यानेच. म्हणून उपचारक लबाड असलाच पाहिजे असं नाही, आणि तुम्ही हात सोडला असंही नाही.

पटलं नाही. साहजिक आहे, स्वतःच्या खांद्याचा अनुभव होता. मग नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं. मदतनीस मुलीने बाहेरच सारख्या कागदाच्या पुड्या बांधल्या, काहींत कणीक, काहींत तांदळाचं पीठ. कुठल्या पुडीत काय, ते आम्हा तिघांनाही ठाऊक नव्हतं. नवऱ्याने दाब द्यायचा, तिने हात धरायचा. शेवटी पुड्या उघडल्या तर कणकेला हात टिकलेला आणि तांदळाला पडलेला, असंही निघालं. घरगुती प्रयोगावर मी निदान करत नाही, पण असे प्रयोग नीट मांडूनही झाले आहेत. १९८८ च्या एका अमेरिकी अभ्यासात तीन अनुभवी उपचारकांनी त्याच अकरा जणांची पोषणद्रव्यं तपासली. त्यांचे निष्कर्ष ना एकमेकांशी जुळले ना प्रयोगशाळेशी. २००१ मध्ये गांधीलमाशीच्या विषाची अ‍ॅलर्जी असलेल्यांवर प्रयोग झाला, तिथेही नाणं उडवण्यापेक्षा वेगळं हाती लागलं नाही. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत मुलांच्या अन्न-अ‍ॅलर्जीचं निदान या चाचणीने करू नका, असं स्पष्ट लिहिलं आहे.

"आपण देवाला पाकळ्या लावून प्रसाद घेतो, तसंच की," नवरा म्हणाला. देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि कुठली पडते त्यावरून कौल समजायचा, ती ही रीत. मला त्याचं बोलणं आवडलं. पण पाकळीला कौल मागताना आपण देवाला विचारतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि भटजी पाकळीवर बोट दाबत नाहीत.

पुढचं काम बालरोगतज्ज्ञांचं होतं. गव्हामुळे होणाऱ्या सीलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच भरवशाची ठरते, म्हणून त्यांनी आधी चपाती सुरू करायला लावली आणि मग रक्त तपासलं. ते ठीक निघालं. दूध आणि नारळही त्यांच्या देखरेखीखाली परत आले, काही झालं नाही. उलट्या बाजूचा धोका मला जास्त भीतीदायक वाटतो: ज्याला खरोखरच सुंगटांची अ‍ॅलर्जी आहे त्याचा हात टिकला आणि "खा" म्हणून सांगितलं तर? ओठ सुजले, श्वास लागला, तर थेट १०८.

पोटाचं कारण पोरीने चित्र काढता काढता सांगितलं. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यमाचं हायस्कूल. पहिल्याच तासाला उभं राहून धडा वाचायचा, आणि अडखळलं की मागची बाकं हसायची. रविवारी पोट का दुखत नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं. चाचणीत तशी बाटलीच नव्हती!

वर्गशिक्षिकेशी बोललो. काही दिवस तिला जोडीने वाचायला दिलं, घरी वडील रात्री तोच धडा आधी वाचून घेतात. कडं करून बघायची सवय मात्र अजून पूर्ण गेलेली नाही, त्यासाठी आमच्या भेटी चालू आहेत. आई त्या केंद्रात श्वसनाच्या वर्गाला अजून जाते. तिला तिथे बरं वाटतं, माझी हरकत नाही. फक्त जेवणाच्या ताटाबद्दल काही सांगितलं तर आधी डॉक्टरांना विचारायचं, एवढं ठरलंय.